चौघांचा गट, दहा मिनिटं : मोठ्या शिशुवर्गातलं वाचन

बालवाडीच्या ताईंच्या बैठकीत वाचनाचा विषय निघाला की काही प्रश्न हटकून येतात. छोटे गट करून वाचून घ्या असं प्रशिक्षणात सांगतात, पण मी चौघांना घेऊन बसले तर बाकीच्या वीस जणांचं काय करू? सगळ्यांनी एका सुरात वाचलं तर चालेल का? अक्षरंच पक्की नाहीत, मग पुस्तक हातात द्यायचं कशाला? आणि ज्याला बाराखडी घडाघडा पाठ आहे तो साधा ‘बस’ हा शब्द वाचताना का अडतो? हा लेख या प्रश्नांसाठी आहे. तुम्ही अंगणवाडी सेविका असा, खासगी बालवाडीत मोठा शिशू सांभाळत असा किंवा शाळेला जोडलेल्या बालवाटिकेत असा, यातलं बरंचसं तुम्हाला जसंच्या तसं वापरता येईल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. गटवाचनाची दहा मिनिटं मुलाच्या वाचण्याची आणि तुमच्या ऐकण्याची आहेत. बहुतेक गोंधळ इथेच होतो. गट लहान केला जातो, पण शिकवणं मोठ्या वर्गासारखंच राहतं : ताई वाचतात, मुलं मागून म्हणतात. हे चौघांसमोर केलं काय आणि चाळीस जणांसमोर केलं काय, कोण खरंच वाचतंय आणि कोण शेजारच्याचा आवाज ऐकून ओठ हलवतंय ते कळत नाही.

चार प्रकारचं वाचन, चार वेगळी कामं

पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला. तो तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि त्यात वाचनाचे हे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. एकाच्या जागी दुसरा वापरू नका.

- वाचून दाखवणं : पुस्तक तुमच्या हातात, वाचता तुम्ही. गोष्ट कितीही समृद्ध असू दे, जोडाक्षरं असू देत. हे रोज, सगळ्या वर्गासाठी.
- सहवाचन : मोठ्या अक्षरांचा तक्ता किंवा मोठं पुस्तक सगळ्यांना दिसेल असं ठेवून, शब्दांखाली पट्टी फिरवत एकत्र वाचणं. एका सुरात वाचायचं ते इथे.
- मार्गदर्शित वाचन : चार-पाच मुलं, प्रत्येकाच्या हातात तेच पुस्तक, वाचतं प्रत्येक मूल स्वतः. तुम्ही जवळ बसून ऐकता आणि गरज पडेल तिथेच हात देता.
- स्वतंत्र वाचन : पुस्तककोपऱ्यात मूल आपल्या मनाचं पुस्तक घेऊन बसतं. सुरुवातीला नुसती चित्रं पाहिली तरी चालतं.

तिसरा प्रकार आपल्याकडे इंग्रजी शाळांच्या वाटेने आला. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांच्या कामाचा त्यावर मोठा प्रभाव आहे, आणि अमेरिकेत आयरीन फाउंटास व गे सू पिनेल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने तो शाळाशाळांत पोचला. त्याबरोबर एक सवयही आली : मूल अडलं की ‘चित्र बघ आणि काय असेल ते ओळख’ म्हणायचं. या सवयीवर तिकडेही भरपूर टीका झाली आहे. मराठीत तर तिची गरजच नाही. देवनागरीत अक्षर पाहून उच्चार बऱ्यापैकी खात्रीने करता येतो. त्यामुळे आधी अक्षर, मग चित्राशी ताळा. एवढं पाळलंत तर ही पद्धत आपल्या मुलांना उत्तम मानवते.

कोणाला गटात घ्यायचं, कोणाला अजून नाही

तीन-चार वर्षांच्या मुलांना या गटात बसवू नका. त्यांच्यासाठी गोष्टी, गाणी, चित्रगप्पा आणि भरपूर बोलणं हेच वाचनाचं शिक्षण आहे. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, तेव्हापासून आपल्याकडच्या बालशिक्षणाची शिकवण हीच आहे : आधी कान, हात आणि डोळे तयार होऊ द्या.

मोठ्या शिशूतलं मूल तयार आहे का हे पाहायला परीक्षा लागत नाही. येता-जाता एवढं पाहा :

- पुस्तक सुलट धरतं, पानं क्रमाने उलटतं, ओळ डावीकडून उजवीकडे जाते हे त्याला माहीत आहे.
- स्वतःचं नाव लिहिलेली चिठ्ठी इतरांच्या चिठ्ठ्यांतून उचलतं.
- ‘मामा’ आणि ‘मका’ एकाच आवाजाने सुरू होतात हे ऐकून सांगतं.
- आठ-दहा अक्षरं क्रमाशिवाय, सुटी दाखवली तरी ओळखतं.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबा, कारण बाराखडीचा प्रश्न इथेच सुटतो. ‘क का कि की’ तालात म्हणणारं मूल गाणं म्हणत असतं. त्याच मुलाला नुसतं ‘की’ दाखवा. पुष्कळदा ते मनातल्या मनात ‘क’पासून मोजत येतं. दोष त्याच्या हुशारीत नाही, शिकवण्याच्या क्रमात आहे. सहा-सात अक्षरं आणि काना एवढं झालं की लगेच शब्द बनवायला घ्या. मुळाक्षरं संपेपर्यंत थांबलात तर वर्ष त्यातच जाईल. दुसरी वेलांटी लवकर घ्या. पहिली वेलांटी मात्र जरा मागे ठेवा : ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर, आणि पाच वर्षांच्या डोळ्यांना हे उलटंपालटं होतं.

जी मुलं अजून तयार नाहीत त्यांचाही गट करा. ‘त्यांना येत नाही’ म्हणून त्यांचा वेळ कापू नका, त्यांना तो जास्त हवा आहे. त्यांच्याबरोबर शब्द नसलेलं चित्रपुस्तक घ्या, आवाजांचे खेळ खेळा, नावांच्या चिठ्ठ्या लावा.

गट कसे पाडायचे

चार मुलं उत्तम, पाच चालतात, सहा झाली की तुम्हाला प्रत्येकाचं ऐकता येत नाही. सध्या ज्यांना साधारण सारखी अक्षरं येतात अशी मुलं एकत्र घ्या. पण तीन-चार आठवड्यांनी गट मोडा आणि नव्याने पाडा. वर्षभर तोच गट राहिला तर ‘आपण मागचे’ हे मुलांना पक्कं कळतं. गटांना आंबा, चिंच, जांभूळ अशी नावं द्या. पालकांसमोर किंवा मुलांसमोर ‘हुशार गट’, ‘कच्चा गट’ हे शब्द तोंडून जाऊ देऊ नका.

बाकीच्यांचं काय करायचं

याचं उत्तर सापडलं नाही तर पुढचं सगळं कागदावरच राहतं, म्हणून हे नीट वाचा.

पहिले दोन-तीन आठवडे गटवाचन सुरूच करू नका. या काळात बाकीच्या मुलांना ‘ताई मध्ये नसताना’ काम करायची सवय लावा. चार कोपरे ठरवा : पुस्तकं, चित्र आणि खडू, माती किंवा ठोकळे, घर-घर खेळण्याचं सामान. प्रत्येक कोपऱ्यात काय करायचं, सामान कुठे ठेवायचं, पाणी प्यायला किंवा शूला जायचं तर काय करायचं, हे मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्या. मग तुम्ही बाजूला बसून पाच मिनिटं नुसतं पाहा, दुसऱ्या आठवड्यात दहा. मुलं दहा मिनिटं तुमच्याकडे न येता खेळू शकली, की वर्ग तयार आहे.

गटाच्या वेळी गळ्यात एक ठरावीक रंगाची ओढणी किंवा माळ घाला. ती घातली असताना ताईंना फक्त लागलं-पडलं, रक्त आलं, कोणी बाहेर गेलं अशाच वेळी हाक मारायची हा नियम मुलं आश्चर्य वाटावं इतक्या लवकर शिकतात. तुम्ही मात्र भिंतीकडे पाठ करून बसा, म्हणजे सगळा वर्ग नजरेत राहतो.

अंगणवाडीत अडचण वेगळी आहे. तिथे तीन ते सहाची सगळी मुलं एकत्र असतात, आणि आहार शिजवायच्या वेळी मदतनीस ताई मोकळ्या नसतात. तेव्हा गटवाचन त्या वेळेला लावू नका. सकाळी सगळे जमून गाणी-गप्पा झाल्या की लगेचची दहा मिनिटं घ्या. त्या वेळी मदतनीस ताईंनी लहानांना ठोकळ्यांशी बसवलं तर काम होतं. रोज एकच गट घ्या. तीन गट असतील तर प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा नाही तरी एकदा नक्की संधी मिळते, आणि तेवढ्यानेही फरक पडतो.

पुस्तक कोणतं

वाचून दाखवण्यासाठी उत्तम असलेलं पुस्तक गटवाचनासाठी उत्तम असतंच असं नाही. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं वाचून दाखवायला हाताशी असायलाच हवीत. पण त्यांतलं वाक्य नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी नसतं, आणि नसावंच. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं स्वस्त आहेत, त्यांत चित्रगप्पांसाठी पुष्कळ काही सापडतं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी पुस्तकं मोफत मिळतात. ती मुक्त परवान्याची असल्याने लेखक-चित्रकारांची नावं कायम ठेवून तुम्ही त्यांच्या प्रती काढू शकता. चार मुलांना चार प्रती द्यायच्या तर हा मोठाच आधार आहे. फक्त ‘पहिली पातळी’ एवढं पाहून पुस्तक उचलू नका. बरीच पुस्तकं इतर भाषांतून आलेली असतात, आणि मूळ भाषेत सोपं असलेलं वाक्य मराठीत जोडाक्षर घेऊन येतं. आधी स्वतः वाचा.

आणखी एक बारीक गोष्ट. वेगवेगळ्या पुस्तकांत ‘ल’ आणि ‘श’ वेगवेगळ्या वळणाचे छापलेले असतात. मोठ्यांच्या ते लक्षातही येत नाही, पण पाच वर्षांच्या मुलाला ते नवंच अक्षर वाटतं. सुरुवातीला एकाच वळणाची पुस्तकं निवडा.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतः केलेलं पुस्तक. ए-फोर कागदाचे घड्या घालून आठ भाग केले आणि मध्ये एक काप दिला की आठ पानांची पुस्तिका होते. एक मुखपृष्ठ, एक मलपृष्ठ, मधली सहा पानं गोष्टीची. ब, स, म, क, ल, र, आ ही अक्षरं आणि काना, दुसरी वेलांटी एवढ्यावर होणारी एक गोष्ट इथे देते :

बस आली.
मामा आला.
काका आला.
माला आली.
सरला आली.
बस! बस!

शेवटच्या पानावर बस गच्च भरलेली, आणि वाहक हात वर करून उभा. चित्रं रेघांची असली तरी पुरे. शब्द मात्र मोठे, सुटे, दोन शब्दांत बोटभर जागा सोडून लिहा. एकूण बारा शब्द आहेत. मूल एखाद-दुसऱ्या शब्दाला अडलं तर पुस्तक योग्य आहे. चार-पाच ठिकाणी अडलं तर ते त्याच्यासाठी अजून अवघड आहे, परत घ्या आणि सोपं द्या.

दहा मिनिटांत काय होतं

१. दोन मिनिटं बोलणं. मुखपृष्ठ दाखवा. ‘कोण कोण बसने कुठे गेलंय?’ विचारा. बोलता बोलता मामा, काका, माला, सरला ही नावं येऊ द्या. पूर्ण पुस्तक वाचून दाखवू नका, नाहीतर मुलं पाठ म्हणतील.

२. पाच मिनिटं वाचन. पुस्तकं एकदम वाटू नका. एकाला द्या, त्याने सुरू केलं की दुसऱ्याला. त्यामुळे आवाज एकमेकांत मिसळून कोरस होत नाही. प्रत्येकाने शब्दाखाली बोट ठेवून हलक्या आवाजात वाचायचं. पाळीपाळीने एकेक वाक्य वाचायला लावू नका. त्यात एक जण वाचतो आणि तिघं खिडकीबाहेर बघतात. ज्याचं आधी संपेल त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. तुम्ही एकेकाकडे झुकून ऐका.

३. दोन मिनिटं गप्पा. एकच खरा प्रश्न : ‘वाहक हात वर का करतोय?’ ज्याचं उत्तर तुम्हाला ठरलेलं हवंय असा प्रश्न इथे नको.

४. एक मिनिट अक्षरचिठ्ठ्या. ‘माला’ लावा. एक चिठ्ठी बदलून ‘माली’ करा, मग ‘मामी’. मुलांनाच बदलू द्या.

आता मूल अडतं तेव्हा काय करायचं ते जवळून पाहू. समजा एक मुलगी वाचते आहे : ‘मामा आला. काका आला. माला आला…’ आणि ती थांबते. तिच्या कानाला काहीतरी खटकलंय. या क्षणी बोलू नका. मनात पाच आकडे मोजा. पुष्कळदा ती स्वतःच परत बोट मागे नेते आणि म्हणते, ‘आली!’ हे त्या दिवसातलं सगळ्यात मौल्यवान वाचन आहे. तिने अर्थ ऐकला, शंका घेतली, मग अक्षर तपासलं. तुम्ही घाईने ‘आली गं, आली!’ म्हणून टाकलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. तिने स्वतः सुधारलं की तिला ते सांगा : ‘तू परत बघितलंस आणि शेवटची वेलांटी शोधलीस.’ नुसतं ‘शाब्बास’ म्हणण्यापेक्षा हे तिच्या जास्त कामी येतं.

थांबून ती पुढे गेलीच नाही, तर या क्रमाने मदत करा : ‘पहिलं अक्षर कोणतं?’ मग ‘त्याला काय लावलंय?’ मग ‘आता जोडून म्हण.’ शब्द आला की ‘चित्रात तसंच आहे का?’ तरीही नाही आलं तर सरळ शब्द सांगा आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगा. पाच वर्षांच्या मुलाला एका शब्दावर मिनिटभर ताटकळत ठेवणं बरं नाही.

या ठिकाणी विशेष जपा

बोलीतला उच्चार म्हणजे चूक नव्हे. छापलंय ‘पाणी’ आणि मूल वाचतं ‘पानी’, किंवा ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतं. त्याला शब्द कळला आहे, आणि घरच्या भाषेत त्याने तो बरोबर म्हटला आहे. वाचन तोडून टोकू नका. वाचून झाल्यावर सांगा, ‘पुस्तकात असं लिहिलंय, घरी आपण असं म्हणतो.’ दोन्ही मानाने सांगा. अहिराणी, वारली, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या गटात पहिली पुस्तिका मुलांनीच सांगितलेल्या वाक्यांची करा. ‘आजीने चूल पेटवली’ हे त्यांच्या तोंडचं वाक्य त्यांच्या भाषेत देवनागरीत लिहून वाचायला दिलंत तर वाचणं म्हणजे काय हे त्यांना पटकन उमगतं. ज्या मुलाला तुम्ही पहिल्याच महिन्यात उच्चारावरून गप्प केलंत ते पुढे मोठ्याने वाचायला कचरतं, आणि हे नुकसान भरून यायला फार वेळ लागतो.

सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात आणू नका. म-भ, घ-ध, ब-व, ट-ठ-ढ या जोड्या लांब ठेवा. एक पक्कं झालं की दुसरं.

च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत : चमचा आणि चार, जग आणि जीभ यांत मुलं अडखळतात. नियम सांगू नका. शब्द ओळखीचा असला की कान बरोबर उच्चार काढतो.

लेखनाची सक्ती वाचनाच्या दहा मिनिटांत आणू नका.

नोंद आणि पालक

प्रत्येक गटानंतर एक ओळ लिहा. तारीख, मुलाचं नाव, काय वाचलं, कुठे अडलं, काय स्वतः सुधारलं. रोज एकाच मुलाचं बारकाईने ऐकलंत तरी महिन्यात सगळ्यांची नोंद होते. ‘छान प्रगती’ असलं काही लिहू नका. ‘काना ओळखतो, वेलांटी सुटते’ हे लिहा, म्हणजे पुढच्या आठवड्याची पुस्तिका त्यातूनच ठरेल.

मूल सतत पुस्तक डोळ्यांजवळ नेत असेल, ओळ चुकवत असेल किंवा मागून हाक मारली तर वळत नसेल, तर आधी तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची एकदा मोफत आरोग्य तपासणी होते. पथक येईल त्या दिवशी तुमच्या नोंदीची वही जवळ ठेवा आणि त्या मुलाबद्दल स्वतः जाऊन सांगा.

पालक ‘पुस्तक अजून वाचत नाही’, ‘परीक्षा कधी?’ असं विचारतात. त्यांना तीन गोष्टी शांतपणे सांगता येतात :

- जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात बालवाटिकेसाठीचं वाचनाचं लक्ष्य आहे अक्षरं व त्यांचे आवाज ओळखणं, आणि दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणं. परिच्छेद वाचणं नाही.
- एनसीईआरटीच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांत या वयाच्या मुलांची तोंडी किंवा लेखी परीक्षा घेऊ नये असं म्हटलं आहे. नोंदवही हेच मूल्यमापन.
- आपलं मूल कोणत्या अक्षरांवर आहे, काय वाचू शकतं हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. वही उघडून दाखवा. दुसऱ्याच्या मुलाचं पान मात्र दाखवू नका.

घरी काय करायचं विचारलं तर वाचलेली पुस्तिकाच घरी पाठवा आणि सांगा : मुलाने वाचायची, तुम्ही ऐकायची, चुका काढायच्या नाहीत. ज्या घरात कोणालाच वाचता येत नाही तिथेही हे जमतं, कारण ऐकायला अक्षरओळख लागत नाही. अशा घरातून आलेलं मूल आजीला ‘बस! बस!’ वाचून दाखवतं तेव्हा आजीने फक्त शेवटपर्यंत ऐकायचं असतं.

कोपऱ्यांची सवय झाली असेल तर येत्या सोमवारी एका गटापासून सुरुवात करा. महिन्याच्या शेवटी वही उघडून पाहा, आणि ज्या मुलाचं नाव तिच्यात एकदाही आलेलं नाही, त्याला पुढच्या सोमवारी सगळ्यात आधी जवळ बसवा.